साडूंचं ताट

माझ्या बायकोचं माहेर मुळशी तालुक्यातल्या रिहे गावचं. तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझे साडू, शेजारच्याच गावचे. त्यांचे दोन जेसीबी आहेत आणि मुळशीत कुठेही फार्महाउसचा पाया खणायचा असला की लोक त्यांना फोन करतात. सगळे त्यांना दाजी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. दाजी उंचनिंच, आवाज मोठा, आणि जेवायला बसले की बघत राहावं असा माणूस. मी कित्येक महिने बघतच राहिलो. मला त्यांच्या गाड्यांचा, पैशाचा, जमिनीचा कधी हेवा वाटला नाही. त्यांच्या जेवणाचा मात्र इतका वाटला की रविवारी सासरवाडीला जायचं म्हटलं की मी कारणं शोधायला लागायचो.

मी लातूरकडचा, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला. नोकरीसाठी पुण्याला आलो आणि बावधनमध्ये एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायच्या कामाला लागलो. बायको लवळ्याच्या एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. लग्न आमचं आम्ही ठरवलेलं. घरी ती मला ‘तू’ म्हणते, रिह्याला पोचलो की ‘अहो’ सुरू होतं. सासरे अबोल. त्यांना आम्ही जावई मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी. मामींनी मला पहिल्या दिवसापासून जीव लावला आणि त्यांचा जीव लावायचा मार्ग एकच, वाढणं.

जेवल्यावरचा तो त्रास मला पहिल्यांदा झाला तेव्हा भाताची झोडणी नुकतीच उरकली होती. नव्या तांदळाचा भात आणि गावरान कोंबडीचा रस्सा, असा बेत होता. ऑफिसात आठवडाभर कामाचा रेटा होता. सकाळी मी नुसत्या चहावर निघालो होतो, वाटेत पिरंगुटला आणखी एक चहा घेतला होता. पहिल्या पंगतीला सासरे, दाजी आणि मी. मामी वाढायला.

“पावनं, भात घ्या की.”

“पुरे मामी.”

“पुरे काय? दाजींकडं बघा जरा.”

मी दाजींकडं बघितलं. ते भातात खड्डा करून रस्सा ओतून घेत होते, आणि त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब चमकत होते. मला वाटलं, आपणही जावईच आहोत. मी ताट पुढं केलं. एकदा केलं, पुन्हा केलं. मामी खूश झाल्या. दाजी म्हणाले, “आता कसं, आता जावई शोभताय.” मला ते ऐकून खरंच बरं वाटलं.

जेवणानंतर दाजी ओसरीतल्या खाटेवर आडवे झाले आणि बोलता बोलता झोपले. मी खुर्चीत बसलो होतो. थोड्या वेळानं पोटातून काहीतरी वर सरकत आल्यासारखं झालं. मग छाती धडधडायला लागली, अशी की शर्ट हलताना दिसत होता. हात गार पडले, तळव्यांना घाम फुटला, गुडघे आपोआप थरथरायला लागले. थंडी वाजत होती आणि कानांतून वाफा निघत होत्या. आणि त्या सगळ्याच्या वर एक खात्री बसली होती की आपण आता मरणार, इथंच, सासरवाडीच्या ओसरीवर, भात खाऊन.

मी बायकोला हाक मारली. ती आतून आली, माझं तोंड बघून ओरडली. दाजी झोपेतून उठले ते थेट गाडीकडं पळाले. मला मागच्या सीटवर घातलं आणि जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथं ईसीजी काढला, बीपी बघितलं, रक्त घेतलं. काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, ॲसिडिटी असेल, जड जेवण झालं असेल. मी पलंगावर पडलो होतो. दारातून बाहेरचा बाक दिसत होता. त्या बाकावर बसून दाजी वडापाव खात होते.

मी त्यांच्यावर चिडायला हवं होतं, किंवा हसायला तरी. मला दोन्ही जमलं नाही. मी त्यांच्या जबड्याकडे बघत होतो. हा माणूस तासाभरापूर्वी माझ्या दुप्पट जेवला होता, माझ्यासाठी जिवाच्या आकांतानं गाडी हाणत आला होता, आणि आता त्याला परत भूक लागली होती. याच्या पोटात जे आहे ते माझ्या पोटात का नाही, एवढाच विचार मनात होता.

बावधनला परत आल्यावर मला वाटलं, झालं गेलं. पण मंगळवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवून जागेवर येऊन बसलो आणि पुन्हा तेच. या वेळी समोर साधी पोळीभाजी होती. मी बाथरूममध्ये जाऊन कमोडवर बसून राहिलो, भिंतीला हात टेकून. त्यानंतर मी दुपारचं जेवण सोडलं. मग भूक सहन होईना म्हणून संध्याकाळी एकदम खायचो, आणि रात्री तसंच व्हायचं. मग रात्रीचंही कमी केलं. बिस्किटं आणि चहा यांवर दिवस काढायला लागलो. पँट्स ढगळ झाल्या. ऑफिसात एक जण म्हणाला, “काय मस्त बारीक झालास यार, काय करतोस?” तो म्हणताना समोसा खात होता.

माझं लक्ष सारखं लोकांच्या तोंडाकडे असायचं. आमच्या सोसायटीचा वॉचमन डबा खाऊन खुर्चीत मान टाकून झोपायचा, त्याचा हेवा वाटायचा. चांदणी चौकातल्या गाडीवर पोरं उभ्या उभ्या मिसळ ओरपायची आणि हात पुसत बाइकला किक मारायची, त्यांचा वाटायचा. जेवल्यावर नाडी बघावी लागत नाही, पाणी जवळ ठेवावं लागत नाही, दवाखाना किती लांब आहे याचा हिशोब मांडावा लागत नाही, असं आयुष्य आपलंही होतं, हे मला आता खरं वाटेना.

सगळ्यात जास्त हेवा बायकोचा वाटायचा, आणि ते मला कळलं एका साध्या प्रसंगानं. ती संध्याकाळी घरी आली की म्हणायला लागली, “मला फारशी भूक नाही.” मी म्हटलं, हिलाही काही होतंय की काय. एके दिवशी तिच्या पिशवीतून किल्ली काढायला गेलो तर आत कागदात गुंडाळलेला अर्धा पराठा होता.

“हे काय?”

“कँटीनमध्ये खाल्लं येताना. उरलं ते.”

“रोज खातेस?”

तिनं पराठ्याचा कागद पुन्हा गुंडाळला. मग म्हणाली, “तू बघत बसतोस रे.”

“म्हणजे?”

“मी घास घेतला की तू बघतोस. मी चावते ते बघतोस. मला गिळवत नाही. जसं काही मी तुझं काढून घेतेय.”

मी म्हटलं, असं काही नाही. पण होतं तसंच. ती कँटीनमध्ये मैत्रिणींबरोबर हसत पराठा खाते, बोटाला लोणचं लागलं तर चाटते, हे माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि एखाद्याला स्वतःची बायको दुसऱ्याबरोबर फिरताना दिसावी तसं मला झालं. त्या रात्री आम्ही दोघंही न जेवता झोपलो.

दुसऱ्याच आठवड्यात तिनं मला बावधनमधल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई वयानं मोठ्या, घाई नसलेल्या. त्यांनी पुन्हा तपासण्या केल्या. थायरॉइड, साखर, हृदय, सगळं ठीक निघालं. मग त्यांनी मला विचारलं, पहिल्यांदा झालं त्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतं? मी सांगितलं, चहा. आणि त्या आठवड्यात झोप? मी सांगितलं, नव्हतीच.

“हे बघा,” त्या म्हणाल्या, “जेवल्यावर ठोके थोडे वाढतात, ते सगळ्यांचेच वाढतात. तुम्ही उपाशीपोटी एकदम ढीगभर भात खाल्लात. कुणाकुणाची साखर अशा वेळी भरकन चढते आणि भरकन उतरते. उतरली की शरीर ॲड्रेनलिन सोडतं. वाघ दिसल्यावर सोडतं तेच. धडधड, घाम, थरथर. वाघ तर समोर नाही, मग मन म्हणतं, हार्ट असेल. घाबरलात की आणखी ॲड्रेनलिन. त्या दिवशी तसं झालं असावं. आणि आता तुमच्या शरीरानं ताटालाच वाघ समजायला सुरुवात केलीय.”

“म्हणजे मला काही झालेलं नाही?”

“झालंय ना. त्रास खरा आहे. जीवघेणा नाही, एवढंच.”

त्यांनी चहा कमी करायला सांगितला. उठल्यावर काहीतरी खायचं, मग दिवसभरात थोडं थोडं, आधी डाळ-उसळ-अंडं, भात शेवटी आणि बेतानं. जेवून लगेच बसायचं नाही, सावकाश फिरून यायचं. आणि त्यांनी मला एका समुपदेशकाकडे पाठवलं. तो तरुण मुलगा होता. त्यानं मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावली. धडधड सुरू झाली की उठून पळायचं नाही. श्वास लांब सोडायचा आणि बसून राहायचं. “लाट येऊ द्या,” तो म्हणायचा, “तिला वर चढू द्या. ती उतरते. तुम्ही दर वेळी ती उतरायच्या आधी पळून जाता, म्हणून तुम्हाला ती उतरताना कधी दिसलीच नाही.”

पटायला वेळ लागला. पण घरात, आम्ही दोघंच असताना, हळूहळू जमायला लागलं. वाटीभर वरण, अर्धी भाकरी, मग सोसायटीभोवती चक्कर. धडधड यायची. मी बसायचो. बायको टीव्हीकडे बघत जेवायची, माझ्याकडे बघायची नाही, आणि मी तिच्याकडे बघायचो नाही. अशा रीतीनं आम्ही पुन्हा एका टेबलावर जेवायला लागलो.

पण रिह्याचं नाव काढलं की माझं अंग आक्रसायचं. मी कारणं सांगायचो. ऑफिसचं काम, गाडीचं सर्व्हिसिंग, डोकं दुखतंय. बायको एकटी जायची. संध्याकाळी आली की तिच्या ओढणीला चुलीचा वास असायचा.

“मामी काय म्हणाल्या?” मी विचारायचो.

“काही नाही. तुझी आठवण काढली.”

“दाजी होते?”

“होते ना. दाजी नसले तर आईला स्वयंपाक केल्यासारखं वाटत नाही.”

ती सहज बोलून जायची. मी मात्र ते वाक्य आठवडाभर चघळायचो. दाजींनी आज काय खाल्लं असेल, मामी त्यांना कशा आग्रह करत असतील, ते कसे ‘आणा की’ म्हणत असतील. माझी जागा रिकामी असणार, आणि दाजी जरा ऐसपैस मांडी घालून बसत असणार. एकदा मेहुणीनं, म्हणजे दाजींच्या बायकोनं, घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. दाजींच्या हातात तांदळाची भाकरी, तोंड भरलेलं, डोळे मिटलेले. मी तो फोटो कितीदा उघडून बघितला, सांगायची लाज वाटते. एखाद्याला देवळात समाधान मिळावं तसं त्या माणसाच्या तोंडावर होतं.

चैत्रात गावची जत्रा आली. तिला नाही म्हणायची सोय नव्हती. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी घराघरात मटण असतं आणि जावई नसला तर गाव विचारतं. मी सकाळी दोन अंडी खाऊन निघालो, चहा टाळला, स्वतःला समजावत गेलो.

पंगत बसली. सासरे, दाजी, दाजींचे दोन मित्र आणि मी. दाजींनी मला बघून पाठीवर थाप मारली. “काय ओ, वजन कुटं गेलं? बावधनात जेवाया देत न्हाईत का?” सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं. पण सगळ्यांचे डोळे माझ्या ताटाकडे वळले.

मी दोन घास घेतले. तिसऱ्याला छातीत पहिला ठोका चुकल्यासारखा वाटला. मी श्वास लांब सोडायचा प्रयत्न केला, तेवढ्यात दाजींच्या मित्रानं माझ्या ताटात वाटीभर रस्सा उपडा केला. “लाजू नका पावनं.” बाजूला दाजी हाड फोडून नळी ओढत होते, त्या आवाजानं मला वेड लागायची पाळी आली. मी ताटावरून उठलो. भरल्या ताटावरून. कुणीतरी “अहो, अहो” म्हणालं. मी घराला वळसा घालून मागं गेलो आणि म्हशींच्या गोठ्याशी दगडावर बसलो. रडू येत होतं.

मामी आल्या त्या हातात तांब्या घेऊन. त्या रागावल्या असतील असं मला वाटलं होतं.

“तिखाट लागलं?”

“नाही मामी.”

“मंग आमचं काय चुकलं?”

मी काय सांगणार होतो? ॲड्रेनलिन? मी म्हटलं, “मामी, जेवलं की मला भीती वाटते.”

“कशाची?”

“माहीत नाही. मरायची. लोक बघत असले की जास्त.”

त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला आणि गोठ्याच्या मेढीला टेकून उभ्या राहिल्या.

“पोरीनं आदी का न्हाई सांगितलं?”

“मीच सांगू नको म्हटलं होतं.”

“मंग मी उगं वाढीत बसले व्हय इतके दिस.” त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलल्या. मग पदर खोचत म्हणाल्या, “उठा. गड्यांचं होऊ द्या. तुमी आमच्यासंगं बसा मागनं. आमाला कोन वाढत न्हाई आन् कोन बघत न्हाई.”

मी इतकी वर्षं त्या घरात जेवत होतो, पण तिथल्या बायकांना जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी पाहिलं. स्वयंपाकघरात चुलीच्या उबेला मामी, माझी बायको, तिची बहीण अशा खाली बसल्या होत्या. मधे भांडी. ज्याला जे हवं ते हातानं घ्यायचं. मटण संपत आलं होतं, तळाचा रस्सा आणि बटाटे उरले होते. माझ्यासमोर मामींनी रिकामं ताट ठेवलं आणि परत त्याच्याकडे पाहिलंही नाही. बोलणं चाललं होतं ते शेजारच्या घरातल्या नव्या सुनेबद्दल. तिनं सासऱ्याला ऑनलाइन पँट मागवून दिली, ती त्याला इतकी घट्ट झाली की बसता येईना, म्हणून तो जत्रेत दिवसभर उभाच होता. मेहुणी त्याची उभं राहायची तऱ्हा करून दाखवत होती आणि मामींना हसता हसता ठसका लागला.

मी चतकोर भाकरी घेतली. रस्सा घेतला. मग थोडा भात. लाट आली, येणारच होती. पोटातून वर, छातीत, हातांत. मी भिंतीला पाठ लावली. बायकोनं फक्त आपला गुडघा माझ्या गुडघ्याला टेकवला आणि बहिणीला म्हणाली, “मग पुढं?” मी त्या सुनेची गोष्ट ऐकत राहिलो. धडधड वाढली, वाढली, आणि मग एका जागी येऊन थांबली. मग उतरायला लागली. मला ती उतरताना कळली. मी पुन्हा भात घेतला.

तेवढ्यात दारात अंधारलं. दाजी उभे होते, खांद्यावर टॉवेल.

“काय चाललंय आत? मगाधरनं हसताय.”

“काय न्हाई,” मेहुणी म्हणाली.

त्यांनी मला त्या घोळक्यात बसलेलं पाहिलं. हातात भाकरी, बाजूला बायको, समोर मामी. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी लगेच ओळखलं. कित्येक महिने ते माझ्याच तोंडावर होतं.

“मला कदी कुनी म्हनलं न्हाई आत बस म्हनून,” ते म्हणाले.

मामी म्हणाल्या, “तुमाला तर पयला मान.”

“कसला मान? भाईर मामा एक शबूद बोलत न्हाईत. मी आन् ते. मी नुसता खात बसतो. दुसरं करायचं काय तितं?”

मामी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला तो फोटो आठवला, आणि मी त्यात जे बघत आलो होतो ते खरंच तिथं होतं का, अशी शंका आली. मग मीच बायकोकडे थोडा सरकलो. दाजी वाकून आत आले आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसले. जेवण झालं होतं तरी त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “कोन उभा व्हता जत्रंत?” त्यांनी विचारलं, आणि मेहुणीनं सगळी गोष्ट पहिल्यापासून सुरू केली.

मी पूर्ण बरा झालो असं म्हणणार नाही. ऑफिसात काम वाढलं, झोप कमी झाली, की अजूनही जेवल्यावर हात गार पडतात. तेव्हा मी उठून कँटीनच्या मागच्या झाडांखाली फेऱ्या मारतो किंवा आहे तिथं बसून राहतो. पण रविवार चुकवत नाही. रिह्याला आता मी मागच्या पंगतीला असतो आणि बहुतेक वेळा दाजीही. परवा त्यांनी सासऱ्यांनाही ओढून आत आणलं. ते कोपऱ्यात बसले, बोलले नाहीत, पण उठलेही नाहीत.

दाजी अजून माझ्या दुप्पट जेवतात आणि मला अजून त्याचा हेवा वाटतो. मागच्या रविवारी मी त्यांना तसं सांगून टाकलं. ते घास तोंडात ठेवून माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “आन् मामी तुमालाच सारखं इचारती, बरं वाटतंय का, बरं वाटतंय का. मला एकदा तरी इचारलंय?”

मामींनी ते ऐकलं. त्यांनी दाजींना विचारलं, “दाजी, बरं हाय न्हवं?”

“न्हाई,” दाजी म्हणाले, आणि वाटी पुढं केली.